चाळीस हजार धागे

धागागणना यंत्र आल्यापासून दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेत कोण खरा अपंग, हा वादच उरला नव्हता. मणका दुखावला ती जागा ओलांडून किती चेतातंतू पलीकडे पोचतात, हे यंत्र अर्ध्या मिनिटात मोजायचं. चाळीस हजारांपेक्षा कमी धागे असले तर खेळाडू, जास्त असले तर सक्षम.

मंजिरी घाडीचे एकेचाळीस हजार दोनशे भरले.

"पण माझे पाय हलत नाहीत," ती म्हणाली. कोकणी खलाशांनी वसवलेल्या पाचबेट नावाच्या चिमुकल्या देशाची ती एकुलती एक जलतरणपटू. शेजारी तिचे प्रशिक्षक तोडणकर तात्या उभे होते.

"तारा दारापर्यंत आल्यात, वीज सोडलेली नाही, असं समजा," तपासणाऱ्या डॉक्टर लेले म्हणाल्या.

"मग सोडा की," तात्या म्हणाले.

"त्यासाठी मणक्यात उपकरण बसवावं लागतं. मोठ्या देशांत ते सगळ्यांना मिळतं. नियम करताना आम्ही धरून चाललो, की एवढे धागे असलेला माणूस चालतोच."

"आमच्याकडे साधा एक्स-रे काढायला बोटीनं जावं लागतं, बाई."

लेलेबाई आकड्याकडे बघत राहिल्या. "उपचाराविना एवढे वाढले कसे? रोज काय करता?"

मंजिरीनं सांगितलं. सात वर्षांपूर्वी ती डोलकाठीवरून पडली. पाचबेटात कुणाचे पाय गेले की वाडीतल्या बायका पाळी लावतात. सकाळ-संध्याकाळ एकजण येते, तेल लावते आणि ते पाय हातांनी चालवते; दोनशे पावलं उजवा, दोनशे डावा. घरात मयत झालं तरी पाळी चुकत नाही.

"पाय चालणं विसरू नयेत म्हणून," ती म्हणाली.

"विसरले नाहीत ते." बाई हरखून लिहायला लागल्या, मग ओशाळून पेन खाली ठेवलं. "हा निकाल तुमच्या सरकारकडेही जातो."

ते तात्यांना ठाऊक होतं. पाचबेटाकडे स्वतःचं यंत्र नव्हतं. स्पर्धा समिती ज्याला अपंग म्हणेल तोच तिथे अपंग. चाकाच्या खुर्च्याही समितीच पाठवायची.

"म्हणजे हिची खुर्ची?"

"तीन महिन्यांत परत द्यावी लागेल."

"हिनं काय रांगायचं?"

बाईंनी निकालाचा कागद पुढे सरकवला.

"अजून अकराजण खुर्चीवर आहेत आमच्याकडे," मंजिरी म्हणाली. "त्यांचे धागे मोजायला समितीचं यंत्राचं जहाज पुढच्या महिन्यात यायचंय. पाय चालवले नाहीत, तर धागे राहतात?"

"सुकतात," लेलेबाई हळूच म्हणाल्या. "महिन्यात निम्मे."

मंजिरीनं आईला फोन लावला.

"पोहलीस काय गो?" आईनं विचारलं. "मी भिकाजीकडे आहे, पाळी माझी. काल त्याचा अंगठा हलला. ह्या डोळ्यांनी पाहिला मी."



"आई, त्याचा पाय खाली ठेव."

"अजून पन्नास पावलं राहिलीत."

"राहू देत. वाडीत सगळ्यांना सांग. जहाज येऊन जाईपर्यंत कुणी कुणाचे पाय चालवायचे नाहीत. नाहीतर खुर्च्या जातील."

पलीकडे भिकाजी काहीतरी विचारत होता. आईनं त्याला थांब म्हटलं.

"बरं. मग जहाज गेलं की पुन्हा लावू पाळ्या?"

"आई," मंजिरी म्हणाली, "ते आता दरवर्षी येणार आहे."