रिकामी गिरणी

पडद्यावरची बाई साठीची होती आणि शाल्मलीला "आई" म्हणत होती. शाल्मली स्वतः बेचाळीसची. आपल्याहून वयानं थोरल्या लेकीला अगं म्हणावं की अहो, हे कोडं तिला अजून सुटलं नव्हतं.

विट्यात आता घरोघरी हीच पंचाईत. दहावीच्या मुलांना विज्ञानाची वाट दाखवायला शाळा बाहेरचा मार्गदर्शक आणत नसे. ज्याला त्याचंच म्हातारपण मार्गदर्शक म्हणून देई. मुलाचं रक्त, आवाज, शाळेतली सगळी वर्षं यंत्राला द्यायची. या वाटेनं गेलं तर साठीला हे मूल कसं बोलेल, कशाला हसेल, कशाला रडेल, याचं गणित मांडून यंत्र ते माणूस पडद्यावर उभं करी. त्याला सगळे 'पुढचा मी' म्हणत. मुलानं किंवा पालकांनी वाट नाकारली, की गणित पुसलं जाई. पालकांनी होकार दिला, की काम झालं म्हणून पडदा विझे.

शाल्मलीच्या लेकीची, रेवाची 'पुढची मी' चंद्रावर धुळीचा अभ्यास करत होती. आज तिची शेवटची भेट होती. शाल्मलीचा होकार तेवढा बाकी होता.

"रेवा, गिरणी चालू कर ना गं," पडद्यावरची म्हणाली. "आवाज ऐकू दे."

"रिकामीच?" रेवाला हसू आलं. दळण न घालता गिरणी फिरवली की दगडावर दगड घासून झिजतात, म्हणून आईची किती बोलणी खाल्ली होती तिनं! तरी ती शेजारच्या खोलीतल्या, आईच्या पिठाच्या गिरणीकडे पळाली.

"आई, आठवतं? मी डब्यावर बसून विचारायची, पीठ गरम का येतं?"

"आणि मी म्हणायची, दळताना चिडतं म्हणून." पिठानं पांढऱ्या झालेल्या त्या इवल्या भुवया शाल्मलीला कालच्या वाटत होत्या.

"तिथूनच सुरुवात झाली बघ. अजून तेच शोधतेय, घासलं की काय होतं. सुखात आहे मी."

"घरी कधी आली होतीस?"

"इथं वजन सहावा हिस्सा. हाडांना कष्टच नाहीत, मग ती ठिसूळ होतात. फार वर्षं राहिलं की पृथ्वीवरचं वजन पेलवत नाही. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं म्हणत राहिले. तू गेलीस तेव्हाही येता आलं नाही."

"मग तिला नको जाऊ म्हण की!"

"सांगितलंय. पंधराव्या वर्षी हाडांची भीती कुणाला वाटते? म्हणून तुला सांगतेय. तू अडवलंस तर मी रागावणार नाही." मग हळूच म्हणाली, "फक्त मी नसेन."

शेजारी गिरणी सुरू झाली. पडद्यावरचीनं डोळे मिटले. त्या सुरकुतल्या चेहऱ्यावर डब्यावर बसलेली पोर शाल्मलीला स्पष्ट दिसली. हिला पुसून टाकायचं? आपल्या हातानं?

रेवा धापा टाकत आली. "काय ठरलं?"

"जा तू. होकार देते मी," शाल्मली म्हणाली. "पण जरा थांबून."

"आई, गिरणी रिकामी फिरतेय. दगड झिजतील!"

"झिजू देत. तुम्हा दोघींना एकत्र पुन्हा कुठं ऐकायला मिळणार आहे?"