मळकट पिवळा

सकाळी उठून हेमांगी फेगडेने चष्मा डोळ्यांवर चढवला की तिचं स्वयंपाकघर नवं होत असे. चढवण्याआधी ते जसं होतं तसंच असायचं. टवका उडालेला कडप्प्याचा ओटा, बिजागरीतून लोंबणारी कपाटांची दारं, आणि एके काळी पांढऱ्या असलेल्या टाइल्स. त्यांच्यावर वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा आणि भरताच्या वांग्यांच्या धुराचा असा काही थर बसला होता की सोडा, लिंबू, शिव्या, कशालाच तो दाद देत नव्हता. चष्मा चढला की टाइल्स दुधासारख्या पांढऱ्या, ओटा गुळगुळीत राखाडी, कपाटं फिकट निळी. घरात एक खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. बदललं होतं ते फक्त बघणं.

खरं स्वयंपाकघर बदलायचा विचार त्यांनी केला नव्हता असं नाही. भुसावळच्या त्या फ्लॅटमध्ये गवंडी येऊन गेला, सुतार येऊन गेला. दोघांनी सांगितलेले आकडे ऐकून प्रफुल्ल, म्हणजे हेमांगीचा नवरा, नुसताच हसला. लेकीचं, तन्मयीचं, कॉलेज सुरू होणार होतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे फेगड्यांच्या घरात कुणाला शिकवावं लागत नसे, आणि अंथरूण तर दरवर्षी आखडतच चाललं होतं.

मग कुणीतरी दृश्यलेपाचं सुचवलं. चष्मा आता कुणाच्या डोळ्यांवर नसतो? रात्री दिवा मालवला की उतरतो, तेवढाच. बसचा नंबर, भाजीचा भाव, बँकेचा निरोप, सगळं त्या काचांवरच उमटतं. त्याच काचांनी समोरच्या जुन्या वस्तूवर नवं चित्र चढवायचं, म्हणजे दृश्यलेप. कंपनीचा माणूस, बऱ्हाटे, हातात बशीएवढं यंत्र घेऊन आला आणि त्याने ते ओट्यावरून, कपाटांवरून फिरवलं.

"भिंतीला काही लागत नाही, वहिनी. लेप लागतो तो तुमच्या चष्म्याला."

"आणि हात लावला तर?" हेमांगीने विचारलं.

"हात जुन्यालाच लागणार. त्याला इलाज नाही."

ओट्याचा आणि कपाटांचा लेप बसवून झाला. अडचण टाइल्सची आणि डब्याबाटल्यांची होती. बऱ्हाटे म्हणाला, "यात दोन प्रकार आहेत. एकेक वस्तू वेगळी मोजून घ्यायची, ते महाग. दुसरा प्रकार सरसकट. चष्म्याला एक नियम शिकवायचा, पांढऱ्यावर किंवा फिकट रंगावर हळूहळू चढलेला मळकट पिवळा दिसला की पुसून टाकायचा."

"म्हणजे हळदही पांढरी दिसणार का?" प्रफुल्लने विचारलं.

"नाही हो. हळद, लिंबू, झेंडू हे ताजे पिवळे. चष्म्याला फरक कळतो. जे मुळात पिवळं नव्हतं आणि नंतर झालं, तेवढंच तो पुसतो."

"आणि घराबाहेर?"

"सरसकटमध्ये घर-बाहेर असं काही नसतं. चष्मा जिथे, तिथे नियम. नुकसान काय आहे सांगा? जग जरा स्वच्छ दिसेल."

प्रफुल्ल घुटमळला. पुढच्या वर्षी बघू, असं काहीतरी तो पुटपुटला. हे पुढचं वर्ष हेमांगी लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. ती म्हणाली, "सरसकटच करा. तिघांच्याही चष्म्याला."

आणि खरं सांगायचं तर ती सुखावली. हसायचं असेल त्याने हसावं, पण ज्या बाईचा अर्धा जन्म एका कळकट भिंतीकडे तोंड करून गेला, तिला त्या भिंतीच्या जागी उजेड दिसला तर ती सुखावणारच. नणंदेला तिने चष्म्यातूनच स्वयंपाकघर दाखवलं. ओट्याच्या टवक्यावर हात जाऊ नये इतकी तिच्या हाताला सवय झाली. कुकरच्या वाफेने काचा धुरकटल्या तर पूर्वी ती चष्मा काढून पुसायची. आता वाफ विरेपर्यंत डोळे मिटून उभी राहायची. जुनं स्वयंपाकघर तिला क्षणभरही नको होतं. नाहीतरी बिनचष्म्याचं तिला हातभरापलीकडचं धुरकटच दिसायचं.

होळीच्या सुमाराला तिचे तळहात खाजायला लागले. मग तळपाय. फोडणीच्या वासाने पोटात ढवळायला लागलं, जेवणावरून मन उडालं. लघवी लालसर व्हायला लागली तेव्हा ती म्हणाली, उन्हाळी लागली असेल, आणि सब्जा घातलेलं पाणी पीत राहिली. भुसावळच्या उन्हात या सगळ्याला कारण शोधायची गरजच नव्हती. ऊन हेच कारण.

शेजारच्या भारंबे काकूंनी मात्र जिन्यात तिला थांबवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून काकूंनी चष्मा म्हणून डोळ्यांवर चढवला नव्हता. उघड्या डोळ्यांनी दिसतंय तेवढं पुरे, हा त्यांचा हट्ट.

"हेमांगी, तुझे डोळे पिवळे दिसताहेत गं."

हेमांगी घरी आली ती थेट आरशापुढे गेली. तिने डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरंशुभ्र. तिने प्रफुल्लला दाखवलं. त्याने तिला खिडकीपाशी नेऊन नीट पाहिलं. तन्मयीनेही पाहिलं.

"काही नाहीये," प्रफुल्ल म्हणाला. "काकूंच्याच डोळ्यांत काहीतरी असेल."

तिघांनी पाहिलं होतं, तिघांनाही काही दिसलं नव्हतं. एका म्हातारीच्या म्हणण्यापुढे हा पुरावा पुरेसा होता. खाजेसाठी हेमांगीने घरबसल्या डॉक्टरांना हात दाखवले, तेही चष्म्यातूनच. चष्म्याने आपल्या इमानाने धुऊनपुसून स्वच्छ केलेलं चित्र पाठवलं. त्वचेवर काही दिसत नाही, उष्णतेचं असेल, असं म्हणून डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. बाजारात कुणी काही बोललं नाही. तिथे कोण कुणाच्या तोंडाकडे बघतं, आणि जे बघतात त्यांच्या डोळ्यांवर आपापले नियम असतात.

कैऱ्या बाजारात आल्या तोवर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. एका दुपारी भारंबे काकू कैरीचं लोणचं घेऊन आल्या आणि बरणी हातात तशीच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"प्रफुल्ल, इकडे ये," त्या म्हणाल्या. "तो चष्मा काढ आणि बायकोकडे बघ."

"काकू, आम्ही मागेच बघितलंय."

"काढून बघितलंस का?"

प्रफुल्लने चष्मा काढला. हेमांगी त्याच्याकडेच बघत होती. आधी तो परक्याच्या घरात शिरल्यासारखा टाइल्सकडे, लोंबणाऱ्या दारांकडे बघत राहिला; तो ही भिंत विसरूनच गेला होता. मग त्याची नजर तिच्यावर आली आणि तिथेच राहिली. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना तिने पाहिलं. तिने स्वतःचा चष्मा काढला आणि हात डोळ्यांजवळ आणला. तिच्या हाताचा आणि मागच्या भिंतीचा रंग एकच होता.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायच्या आधी आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो त्यांचा शिरस्ताच होता. तपासण्या झाल्या, फोटो निघाले. मग त्यांनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं. स्वादुपिंडात गाठ आहे. तिने पित्ताची नळी दाबली आहे, म्हणून कावीळ.

"ही गाठ लवकर दुखत नाही, म्हणून ती लबाड," बाई म्हणाल्या. "पण बऱ्याचदा ती एक खूण देते. डोळे पिवळे होतात. माणूस घाबरून धावत येतो, आणि त्या घाबरण्यामुळेच काही जण वाचतात. तुमचे डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

प्रफुल्लने हेमांगीकडे बघितलं. त्याला माहीतच नव्हतं.

"शेजारच्या काकूंना होळीला दिसले होते," हेमांगी म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा आला असतात तर शस्त्रक्रियेचा विचार करता आला असता. आता ती पसरली आहे. आपण नळी मोकळी करू. पिवळेपणा जाईल, खाज थांबेल. थोडे दिवस बरे जातील."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर हेमांगी म्हणाली, "म्हणतात ना, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं. आपल्याकडे उलटंच झालं." ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. सरसकटच करा, हे आपलेच शब्द तिला आठवत होते, आणि दोष द्यायला जवळपास कुणीच सापडत नव्हतं. प्रफुल्लने तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

त्याने कंपनीला फोन केला तेव्हा नेमका बऱ्हाटेच बोलायला आला. सगळं ऐकून तो आधी सवयीने म्हणाला, "पण साहेब, नियम तर बरोबरच चालला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या आईच्याही चष्म्याला मीच सरसकट बसवलंय," आणि त्याने फोन ठेवला.

नळी मोकळी झाली, पिवळेपणा खरंच ओसरला. पण अंगावरचं मांस झडत चाललं. प्रफुल्लने आपला चष्मा कपाटात टाकला आणि रोज सकाळ-संध्याकाळ सोडा आणि घासणी घेऊन तो टाइल्स घासायला लागला. हेमांगी म्हणायची, कशाला जीव काढताय, ते निघायचं नाही. तो घासतच राहायचा. हेमांगीने आपल्या चष्म्यावरचे सगळे लेप काढवून घेतले. आता तो नुसता नंबराचा होता. तन्मयीही काही दिवस उघड्या डोळ्यांनी वावरली. मग एकदा तिच्या डोळ्यांवर चष्मा पुन्हा दिसला. अभ्यासाला लागतो, म्हणाली.

त्यानंतर पोर एकदम मोकळी झाली. बडबड करायला लागली, आईच्या गळ्यात पडायला लागली. "आई, आज तू किती बरी दिसतेस," असं ती रोज म्हणायला लागली. हेमांगीला आरशात रोज गालाची हाडं थोडी आणखी वर आलेली दिसत होती.

एका संध्याकाळी तिने हात पुढे केला. "दे बघू तुझा चष्मा."

"कशाला? तुला त्याच्या नंबराने दिसायचं नाही."

"दे म्हणते ना."

चष्मा घालून ती आरशाच्या अगदी जवळ गेली. समोर दिवाळीतली हेमांगी उभी होती. गाल भरलेले, डोळ्यांखाली काळं नाही, ओठांवर अर्धवट हसू. जुन्या फोटोवरून बनवलेला चेहरा होता तो, आणि तो अगदी चोख बसला होता. तिला राग आला. पण चष्मा तिनेही लगेच काढला नाही. बराच वेळ ती त्या बाईकडे बघत राहिली.

"हा लेप कधी घेतलास?"

"पहिला महिना फुकट होता," तन्मयी मान खाली घालून म्हणाली. "मला बघवत नाही गं तुझ्याकडे. मला भीती वाटते."

हेमांगीने तिला जवळ ओढून घेतलं. रागवायला अंगात बळही नव्हतं आणि मनही होत नव्हतं. "काल दुपारी मला घेरी आली," ती म्हणाली. "मी ओट्याला धरून उभी होते. तू समोरच होतीस. चहा झाला का, असं विचारलंस."

तन्मयीने दचकून वर पाहिलं. "मला वाटलं, तू हसतेयस."

आत प्रफुल्लची घासणी चालूच होती. हेमांगीने चष्मा पदराने पुसला आणि लेकीच्या हातात परत दिला.

"मी आहे तोवर घालायचा तर घाल," ती म्हणाली. "घेरी आली तर मी हाक मारीन. पण तो चेहरा बसवायला चष्म्याला उद्या समोर माणूसही लागणार नाही. मी गेल्यावर एखाद्या सकाळी तुला ओट्यापाशी कुणीतरी हसत उभं दिसलं, तर तू चष्मा काढशील ना, तन्मयी?"