कॅचरचा लोखंडी मास्क

"कट! कट! नविन, तुझी सावली पुन्हा बायजीच्या तोंडावर पडतेय!"

"मग सूर्याला सांग ना सरकायला! मी माइक धरू की सूर्य?"

माइक म्हणजे काय, तर तुक्यामामाचा बटणांचा फोन, आणि तो बांधला होता आजोबांच्या छत्रीच्या दांडीला. छत्रीचं कापड आणि काड्या केव्हाच निकालात निघाल्या होत्या. उरली होती एक लांबलचक लोखंडी दांडी आणि तिचं टोकदार नाक. नविनने ती मसोली गावातल्या आपल्या घराच्या अडगळीतून शोधून काढली होती आणि तिला कुणी हात लावला की तो मांजरासारखा फिसकारायचा. आत्ताही त्याने ती बायजीच्या डोक्यावर धरली, आणि नेमका तेव्हाच तो फोन खणखणला.

"कट!" संगिता किंचाळली. "मामाचा फोन बंद करून रेकॉर्डिंग करता येत नाही का?"

"बंद केला तर रेकॉर्ड कसा करेल, ताई?" नविन म्हणाला आणि बायजी पोट धरून हसायला लागली.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या परिसरावर माहितीपट करून आणा, असं संगिताच्या शाळेत सांगितलं होतं. अर्धा वर्ग समुद्रावर करणार होता आणि उरलेला अर्धा चिकूवर. संगिताने मात्र तडक विवळवेढ्याजवळचा मामाचा पाडा गाठला होता. कारण तिथे होता मुलींचा बेसबॉल संघ आणि त्या संघाची कॅचर होती तिची मामेबहीण, बायजी! कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवी बसून सुसाट येणारे चेंडू झेलणारी. "म्हणजे विकेटकीपरच ना?" असं नविनने पहिल्या दिवशी विचारलं होतं. त्यावर बायजीने त्याच्याकडे असं काही बघितलं की पुन्हा त्याची हिंमत झाली नाही.

"आता पूर्ण पोशाखातला शॉट," संगिता म्हणाली. "मास्क, चेस्टगार्ड, लेगगार्ड, सगळं चढवून ये. एकदम योद्ध्यासारखी दिसली पाहिजेस!"

बायजी उड्या मारत शाळेच्या व्हरांड्याकडे गेली. परत आली ती चालत.

"पेटी रिकामी हाय," ती म्हणाली.

पाचच मिनिटांत सगळा संघ व्हरांड्यात गोळा झाला. संघाचे शिक्षक धनेश सर पत्र्याच्या पेटीत पुन्हा पुन्हा डोकावत होते, जणू एखादा लेगगार्ड पेटीच्या कोपऱ्यात लपून बसला असावा.

"काल सकाळी सराव संपल्यावर पेटी कुणी लावली?"

"मी, सर," बायजी म्हणाली. "किल्ली भिकादादांकडे दिली."

भिकादादा म्हणजे शाळेचे पहारेकरी. ते खांबाला टेकून डाव्या हाताने मान खाजवत होते. "किल्ली खुंटीवर होती," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मला नाय माहीत."

सरांनी कपाळाला हात लावला. "उद्या पालघरला सामना! मास्कशिवाय कॅचरला पंच मैदानात उभं करणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. तो चेंडू तोंडावर बसला तर बत्तिशी हातात येईल! दुपारपर्यंत सामान मिळालं नाही, तर संघ येत नाही असं मला कळवावं लागेल." मग ते बायजीकडे वळले. "तुझ्या भरवशावर होतो गं मी."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं, असं संगिताला वाटलं. मैदानाच्या कडेला जाऊन बायजीने बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट एकमेकांना बांधून खांद्यावर टाकले आणि ती अनवाणी घराकडे निघाली.

संगिता आणि नविन धावत तिच्यामागे गेले.

"मी झेल सोडत नाय," बायजी पुटपुटली. "पेटी उघडी सोडन होय? आता सगळ्या पोरी म्हणतील, बायजीमुळं गेला सामना."

संगिताचा जीव तुटला. आणि मग तिला एकदम काहीतरी सुचलं.

"ए! काल दुपारभर आपण टेकडीवर चढून शूटिंग करत होतो! पाडा, शाळा, रस्ता, सगळं! चोर आपल्याच मोबाइलमध्ये असेल तर?"

उन्हात पडदा नीट दिसेना, म्हणून तिघं मामाच्या घरात भाताच्या कणगीमागे जाऊन बसली. आधी दिसला एक कोंबडा. मग नविनचं बोट. मग पुन्हा नविनचं बोट.

"हा माहितीपट बेसबॉलवर आहे की तुझ्या अंगठ्यावर?"

"ते कलात्मक आहे!"

मग आला समोरचा डोंगरउतार. पिवळ्या गवतात माणसं ओळीने वाकून गवत कापत होती. नविनला फारच कंटाळा आला होता, तेव्हाचा हा तुकडा.

"थांब!" बायजी ओरडली. "मागं घे! त्या कडेच्या माणसाचे पाय बघ!"

संगिताने चित्र मोठं केलं. सगळ्यांच्या पिंढऱ्या उघड्या होत्या. त्या एकाच्याच गुडघ्यापर्यंत काळ्या आणि चकचकीत! तोंडावर जाळी होती. आणि भारा उचलताना त्याने डोक्यावर चुंबळ म्हणून जे काही दुमडून ठेवलं, ते...

"माझा चेस्टगार्ड!"

"पण हा आहे कोण? जाळीमुळे तोंड दिसत नाही."

"विळा बघ ना ताई," नविन म्हणाला. "डाव्या हातात आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. व्हरांड्यातली ती खाजवली जाणारी मान तिघांनाही एकदमच आठवली.

"जाऊन धरूया त्यांना!" नविन उठलाच.

"छट्! आपण विचारायचं आणि त्यांनी नाही म्हणायचं, मग? गोडीत घेऊया," संगिता म्हणाली.

भिकादादा आपल्या अंगणात बसले होते. "भिकादादा, माहितीपटासाठी तुमची मुलाखत हवी!" असं म्हणताच ते चकित झाले. "माझी? मी काय खेळतो?" असं म्हणत त्यांनी केसांवरून पाण्याचा हातही फिरवला. नविनने गंभीर चेहऱ्याने दांडी पुढे केली.

"भिकादादा, शाळेला सुट्टी असली की तुम्ही गवत कापायला जाता ना?"

"जातो की. सगळा पाडाच जातो."

"आणि कापताना पायांना काय घालता?"

भिकादादा चटकन उठून उभे राहिले. संगिताने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. ते बघत राहिले आणि मग मटकन खाली बसले.

"मागच्या साली घोणस चावली मला त्या गवतात," ते हळू आवाजात म्हणाले. "पाय सुजून खांब झाला होता. वाचलो कसाबसा. आता विळा धरला का पाय थरथरतात. वाटलं, एक दिवस घालू आन् संध्याकाळी परत ठेवू. गवताची टोकं डोळ्यांत जातात, म्हणून जाळी पण घेतली."

ते गोठ्यात गेले आणि वैरणीमागून लेगगार्ड, चेस्टगार्ड घेऊन आले. दोन्ही पुसून स्वच्छ केलेले होते.

"आणि मास्क?" बायजीने विचारलं.

"पाणी प्यायला काढला, गवतावर ठेवला, आन् ध्यानातून गेला. परत आलो तर ढीगच उचललेला! पहाटे शेठच्या गवताच्या वखारीत गेलो विचारायला. ट्रक भरायला उभा होता, शेठनी हाकलून दिलं."

"मग सरांसमोर का नाय बोललात?"

"नोकरी जाईल म्हणून, पोरी."

"आणि माझं काय?" बायजीचा आवाज चिरकला. "माझं नाव गेलं ते?"

भिकादादांना तिच्याकडे बघवेना. संगिताला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदम.

"भांडण नंतर!" नविन ओरडला. "वखारीतून ट्रक कधी सुटतो?"

"दुपारी!" भिकादादा ताडकन उठले. "मुंबईच्या तबेल्यांना जातो. चला, बांधावरून चला, जवळ पडेल!"

चौघं धापा टाकत हायवेलगतच्या गवताच्या वखारीत पोहोचले, तेव्हा ट्रक दाबून बांधलेल्या गाठींनी खच्चून भरला होता आणि क्लीनर दोर आवळत होता. शेठ खुर्चीवर बसून चहा पीत होते.

"एक टोपीसाठी आखी ट्रक खाली करू?" त्यांनी हात झटकला. "जा ने, छोकरांनो, घरे जा! नवी घ्या बजारमधून."

बायजी रडकुंडीला आली. भिकादादा हात जोडायला लागले. संगिताने मात्र शांतपणे मोबाइल वर धरला आणि शूटिंग सुरू केलं.

"ठीक आहे, शेठ. फक्त कॅमेऱ्यात एवढंच सांगा, की गवतात लोखंडी जाळी आहे हे कळल्यावरही तुम्ही ट्रक सोडला. उद्या एखाद्या म्हशीच्या पोटात लोखंड गेलं, तर तबेलेवाले विचारतीलच ना?"

चहाचा कप तोंडाजवळच थांबला.

"आणि मग ते पुन्हा तुमच्याकडून गवत घेतील का?" नविनने निरागसपणे विचारलं आणि दांडी शेठच्या तोंडासमोर नेली.

"ए, दोर सोड!" शेठ क्लीनरवर ओरडले. "सोड पटकन! लोखंड, बाप रे!"

"पण एवढ्या गाठी फोडायच्या तरी किती?" ड्रायव्हर वैतागला.

"काल संध्याकाळचं गवत आज सकाळीच बांधलं असणार," बायजी म्हणाली. "म्हणजे ते शेवटी चढलं. मागच्या गाठी बघा!"

"आणि फोडायच्या कशाला? टोचून बघूया!" संगिता नविनकडे वळली. तिची नजर कुठे आहे हे कळताच नविनने दांडी छातीशी धरली.

"नाही हं, ताई! आजोबांची आहे!"

मग त्याने बायजीच्या तोंडाकडे पाहिलं, मुकाट्याने फोन सोडून ताईच्या हातात दिला आणि स्वतःच माकडासारखा ट्रकवर चढला.

खस्स! खस्स! दांडीचं टोकदार नाक गाठींत शिरत होतं आणि नुसतं गवत घेऊन बाहेर येत होतं. इकडे संगिता एका हाताने मोबाइलवर शूटिंग करत मामाच्या फोनवरून धनेश सरांना फोन लावत होती. सर दुसऱ्या कॉलवर होते. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच! गेलं, कळवलं त्यांनी, संघ येत नाही म्हणून!

खस्स! खस्स! टण्ण!

"सापडलं!" नविनचा आवाज पार विवळवेढ्याच्या देवीच्या मंदिरापर्यंत गेला असेल.

भिकादादांनी वखारीतल्या विळ्याने गाठीची सुतळी कापली. गवत भसाभस सुटलं आणि त्यातून काळी जाळी डोकावली. तिच्यात कुसळं अडकली होती, बाकी ती होती तशीच होती. जी चेंडूंचे तडाखे खाते, तिला गवताचा दाब काय करणार! बायजीने मास्क पोटाशी धरला आणि मग ती रडली, आत्तापर्यंतचं सगळं साठवून ठेवलेलं.

सगळ्यात मोठा सुस्कारा मात्र शेठनी सोडला. तीच संधी साधून संगिताने पुन्हा मोबाइल वर धरला.

"शेठ, एक शेवटचा प्रश्न. भिकादादांना तुमच्याच गवतात घोणस चावली. कापणाऱ्यांच्या पायांत गमबूट का नाहीत?"

शेठनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग भिकादादांच्या पायांकडे. "देऊ," ते सदरा सारखा करत म्हणाले. "सगळ्यांना देऊ, बेन. आता ते यंत्र बंद कर!"

शाळेत पोहोचेपर्यंत चौघांच्या तोंडाला फेस आला होता. धनेश सर फोन कानाला लावून उभे होते.

"सर, फोन ठेवा!" बायजी ओरडली. तिने पळता पळताच मास्क तोंडावर चढवला होता.

सरांच्या हातून फोन पडायचा राहिला. "अगं, तलासरीच्या एका सरांकडे उसना मास्क मागत होतो! नाही म्हणाले. आता पालघरला कळवणार होतो, तेवढ्यात तू..." त्यांनी दोन्ही हातांनी जाळी दाबून पाहिली, पट्टे ओढून पाहिले आणि हुश्श करून पायरीवर बसले.

संगिता तोंड उघडणार, तेवढ्यात भिकादादाच पुढे झाले.

"सर, पोरीचा दोष नाय. मी नेला होता," ते सगळ्या संघासमोर म्हणाले, आणि सगळी हकीगत त्यांनी स्वतःच सांगितली. सर आधी संतापले. मग घोणशीचं ऐकून निवळले. मग म्हणाले, "मागितलं असतं तर मीच बूट आणून दिले असते, भिकादादा. आणि बायजी, माझं चुकलं. विचारपूस न करता तुला बोललो."

बायजी जाळीआड होती म्हणून बरं, तिचे डोळे कुणाला दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पालघरला तिने एकही चेंडू सोडला नाही. शेवटी एक धिप्पाड मुलगी धाव पुरी करायला धूळ उडवत बायजीपुढच्या होम प्लेटकडे घसरत आली, तेव्हाही नाही. सामना जिंकल्यावर सगळ्या मुली तिच्यावर तुटून पडल्या, आणि ते सगळं संगिताच्या मोबाइलमध्ये आलं. या वेळी नविनचं बोट मध्ये नव्हतं.

सुट्टी संपायच्या आधी मामाच्या अंगणात पांढरं धोतर ताणून माहितीपट दाखवला गेला. शाळेतल्या प्रोजेक्टरला सरांनी स्वतः वायर जोडली. टण्ण! हा आवाज आला तेव्हा अख्ख्या पाड्याने टाळ्या वाजवल्या, आणि शेठ कॅमेऱ्यात "देऊ" म्हणाले तेव्हा तर शिट्ट्याच! पुढच्या रांगेत भिकादादा बसले होते, नवे कोरे गमबूट घालून. अंगणात साप नव्हता, तरी त्यांनी ते काढले नव्हते.

"पोरांनो, मोठ्यांना जमलं नाय ते केलंत," म्हाताऱ्या बुधीबाईंनी तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. "ती छत्री जपून ठेव रे!"

नविनची छाती फुगली. "माइक आहे तो, आजी," त्याने दुरुस्ती केली.

मग धनेश सर उभे राहिले. त्यांनी खिशातून पेटीची किल्ली काढली. तिला लाल दोरा ओवला होता.

"ही आता खुंटीवर राहणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी किल्ली बायजीकडे उंच उडवली.

बायजीने ती एका हाताने झेलली.