चित्रात नसलेला हॉल

सुट्टी लागली त्याच दिवशी शाळेच्या फाटकावर भलामोठा फलक लागला. ‘आपली शाळा, नवी शाळा!’ खाली रंगीत चित्र. काचेच्या भिंती, लोखंडी खांब, गच्चीवर झाडं.

"कसली भारी आहे!" भोंगा ओरडला. त्याचं बोलणं पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं, म्हणून तो भोंगा.

चिमटा चित्राला नाक लावून उभी होती. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "नवे वर्ग आहेत, मैदान आहे, जुनी इमारत आहे... आपला हॉल कुठंय?"

जुन्या इमारतीच्या टोकाला जिथे हॉल होता, तिथे नुसती हिरवळ रंगवली होती.

खार गप्प झाली. झाडावर सरसर चढणारी, एरवी क्षणभरही तोंड बंद न ठेवणारी खार! तिची आई याच शाळेत चित्रकला शिकवायची. हॉलच्या लांब भिंतीवर तिने एक अख्खी नदी रंगवली होती, उगमापासून समुद्रापर्यंत, आणि काठावर तेव्हाच्या शाळेतलं प्रत्येक मूल. भोंगा पाण्यात उताणा पडलेला, चिमटा पुलावरून मासे मोजत असलेली. मागच्या वर्षी आई गेली. कागदावरचं चित्र असतं तर गुंडाळून घरी नेता आलं असतं. भिंत कशी नेणार?

"हेडसरांकडे चला," चिमटा म्हणाली.

हेडसर माणूस चांगले, पण कायम घाईत. "बाळांनो, मलाही वाईट वाटतं. पण त्या भिंतीला भेग आहे. आर्किटेक्टसाहेबांनी भेगेवर काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत जराही सरकली की काच तडकते. आणि ती तडकली! उद्या भिंत मुलांच्या अंगावर आली तर? हॉल पाडायचं ठरलंय."

"कोणी ठरवलं? आम्हाला विचारलं?" खार म्हणाली.

"तुम्हाला?" हेडसर हसले. "सुट्टी आहे, जा, खेळा!"

ते खेळायला गेले नाहीत. थेट हॉलमध्ये गेले.

भेग दाराच्या चौकटीपासून निघून तिरकी वर गेली होती. खाली, हाताला येईल अशा उंचीवर, फुटक्या काचेचे दोन तुकडे अजून चिकटलेले होते. तेवढ्यात मैदानावरून वारा आला आणि दार धाडकन आपटलं!

"बाप रे!" भोंगा उडालाच.

"थांब," चिमटा म्हणाली. "दार परत आपट."

"वेडी का तू?"

"आपट म्हणते ना! खार, तू भिंतीला हात लाव. मी चौकट धरते."

दार आपटलं. चिमटाचा हात थरथरला. खारीच्या हाताला काहीच जाणवलं नाही.

"बघा! काचेचं एक टोक भिंतीवर आहे आणि दुसरं लाकडी चौकटीवर! चौकट सैल झालीये. दार आपटलं की ती हलते."

"म्हणजे काच दारानं फोडली!" भोंगा गरजला. "आणि शिक्षा भिंतीला!"

"हळू बोल! आधी नीट बघायला हवं," खार म्हणाली. "वर, जिथे दोन्ही बाजूंना भिंतच आहे, तिथे काच लावू."

चिमटाने दादाकडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या पातळ काचपट्ट्या आणल्या. चिकटवायला प्लास्टर हवं होतं. ते खारीच्या घरी आईच्या कपाटात होतं. ते कपाट बाबांनी वर्षभर उघडलं नव्हतं.

"कशाला हवंय?" बाबांनी विचारलं. तिने सांगितलं.

बाबा म्हणाले, "ती भिंत आहे, बेटा. भिंती पाडतात लोक." मग ते उठून कपाटापाशी गेले. त्यांनी किल्ली लावली. "घे. खराब झालं नसेल. डबे घट्ट लावायची सवय होती तिला."

शिडी भोंग्याने धरली, वर खार चढली. भेगेवर तीन काचा वर बसल्या. एक खाली, मुद्दाम, साहेबांनी लावली होती तशीच. वाऱ्याने आपटू नये म्हणून उघडं दार सुतळीने बांधून टाकलं. मग रोज एक चक्कर! काचा जशाच्या तशा.

आणि एका सकाळी शाळेसमोर ट्रक येऊन उभा राहिला. त्यातून पहारी, घण उतरू लागले. तिघं धावत सुटले आणि हॉलच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसले.

"उठा आधी!" हेडसर धापा टाकत आले.

"नाही उठणार!"

"अरे, काय पोरखेळ आहे हा?" आर्किटेक्टसाहेबांनी हातातल्या नकाशाच्या गुंडाळीने वारा घेतला. "सर, यांच्या घरी फोन करा."

फोन गेला. खारीचे बाबा आले.

"तुमच्या मुलीला घरी न्या," साहेब म्हणाले.

बाबांनी दारातून आत डोकावून भिंतीवरच्या नदीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "सरक जरा," ते म्हणाले आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. "तिचं म्हणणं ऐकून घ्या. मग बघू कोण उठतंय."

खार उठली आणि सगळ्यांना आत घेऊन गेली. "साहेब, चारही काचा बघा. सगळ्या धड आहेत ना?"

साहेबांनी मान वर करून पाहिलं. "आहेत. मग?"

"सगळे बाजूला व्हा! भोंग्या, सुतळी सोड!"

भोंग्याने सुतळी सोडली आणि सगळा जोर लावून दार आपटलं. टक्क! खालची काच तडकली. वरच्या तिन्ही जागच्या जागी.

साहेब गुडघ्यावर बसले, चौकटीला हात लावून बघितला, दार पुन्हा आपटलं. मग स्वतः शिडीवर चढले.

"मग ती पहिली काच चौकटीवर कोणी लावली होती?" हेडसरांनी विचारलं.

"मीच," साहेब म्हणाले. "शिडी आणायचा कंटाळा केला."

"आम्हाला गृहपाठाचा कंटाळा चालत नाही!" भोंगा म्हणाला. ट्रकवरचे मजूर खो खो हसले. साहेबही हसले, पण लाजून.

"एवढ्याने भिंत भक्कम ठरत नाही हं," ते म्हणाले. "पण पाडायलाही कारण उरलं नाही. नीट तपासतो."

ट्रक रिकामा परत गेला. साहेबांनी भेगेवर वरपासून खालपर्यंत नव्या काचा लावल्या, पायाशी खणून पाहिलं. सुट्टी संपेपर्यंत एकही काच तडकली नाही. फाटकावरचा फलक उतरला.

शाळा भरली त्या दिवशी हेडसरांनी तिघांना हॉलमध्ये सर्वांसमोर उभं केलं. "मी यांना खेळायला पिटाळलं होतं. यांनी ऐकलं नाही, हे बरं झालं!" टाळ्या थांबेनात. मागे उभे असलेले बाबा डोळे पुसत होते, आणि ते लपवत नव्हते.

"नवा नकाशा काढताना तुम्ही तिघांनी बसायचं माझ्यासोबत," साहेब म्हणाले.

"बसतो. पण नदीला हात लावायचा नाही!" खार म्हणाली.

तेव्हापासून दर शनिवारी ते चौघं नकाशावर वाकलेले असतात. नवे वर्ग आता मैदानाच्या कडेला सरकले आहेत. हॉल जागेवर आहे. पण नव्या वर्गांतून हॉलमध्ये यायला वाट कुठून काढायची, ते अजून ठरलेलं नाही.