नऊ उपसे

उपसा-कक्षातल्या दोन खुर्च्या एकमेकींकडे पाठ करून ठेवलेल्या होत्या. देणाऱ्याने घेणाऱ्याचं तोंड बघू नये, असा त्यामागचा उद्देश. लग्नात हीच सोय आधीपासून असती तर कित्येक संसार सुखाचे झाले असते. पण विज्ञानाला ही खुर्ची सुचायला २०५८ साल उजाडावं लागलं.

नागपुरातल्या या मेंदूविज्ञान संस्थेत डॉ. ओवी वैरागडे स्मृतिउपसा विभागाच्या प्रमुख होत्या. आज त्या स्वतःच ग्राहकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. दात्याच्या खुर्चीत त्यांचा नवरा शर्विल होता आणि त्याचे डोळे सुजलेले होते.

"काय करून राहिली तू, ओवी?" डॉ. घाटोळे म्हणाले. त्यांनी हे यंत्र बनवलं होतं आणि ओवीलाही बऱ्याच अंशी त्यांनीच घडवलं होतं. "हे अपघातातून वाचलेल्यांसाठी आहे. नवऱ्यांसाठी नाही."

"नवराही अपघातच आहे, सर."

शर्विलने नाक ओढलं. तो पाटबंधारे खात्यात अभियंता होता. दीड वर्ष तो दर गुरुवारी रामटेकला कालव्याच्या पाहणीसाठी जात असे. पाहणी इतकी कसून चालली होती की दोन महिने कालव्याला पाणी नव्हतं तेव्हाही त्याने एक गुरुवार चुकवला नाही. पाणी बंद असल्याची बातमी ओवीने सकाळच्या चहाबरोबर वाचली, आणि चहा संपायच्या आत खिंडसीच्या तलावावर बोटिंगचं काम बघणाऱ्या ऋतुजाचं नाव बाहेर आलं. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज न्यायालयात पडला. दुसरी सही सहा महिन्यांनी करायची होती. त्यातले साडेचार महिने शर्विलने रडण्यात घालवले होते. राहायचं की सोडायचं, हे ओवीचं ठरत नव्हतं. रडणं खरं असेल तर राहायचं, इतपत तिची तयारी झाली होती. पण खरं म्हणजे किती खरं?

"नियम आहे, तोंडी उत्तरं द्यावी लागतील," घाटोळे म्हणाले. "तू शिकवतेस तेच सांग. आठवणीत काय असतं?"

"दोन गोष्टी. काय घडलं ते, आणि घडताना काय वाटलं ते. घडलेल्याची नक्कल होते. दात्याकडे राहतं आणि ग्राहकाकडेही येतं. वाटलेल्याची नक्कल होत नाही."

"काऊन होत नाही?"

"आठवण उघडली की भावनेचे प्रथिनबंध विरघळतात. मेंदू ते पुन्हा बांधतो, म्हणून माणूस एकाच गोष्टीवर वर्षानुवर्षं रडू शकतो. यंत्र लावलं की त्यातला चौथा हिस्सा दात्याऐवजी ग्राहकाच्या मेंदूत बांधला जातो. इथून जातो, तिथे येतो."

"आणि ग्राहकाला समजतं का, हे परक्याचं आहे म्हणून?"

"घटना परक्याची आहे हे समजतं. दुखणं परक्याचं आहे हे समजत नाही."

"मागच्या वर्षी ट्रकखाली सापडलेल्या माणसाची भीती घेतलेली आपली परिचारिका अजून रस्ता ओलांडत नाही," घाटोळे म्हणाले. "म्हणून एका दात्याकडून दोनच उपसे. ध्यानात आहे ना?"

"मला फक्त बघायचंय, सर, त्याला किती दुखतंय ते."

"बघायला नाही मिळत, बाई. घ्यावं लागतं."

"शर्विल, संमतिपत्र वाचलंस?" ओवीने मागे न बघता विचारलं.

"वाचायचं काय त्यात? डोकं फोडून बघ माझं, हवं तर."

पहिला उपसा अकरा मिनिटांचा झाला. रामटेकहून परत येताना बसमध्ये त्याच्या पोटात पडणारा खड्डा ओवीच्या पोटात पडला. तिनेच केलेलं वांग्याचं भरीत त्याच्या घशाखाली कसं उतरत नव्हतं, ते तिच्या घशाला समजलं. आणि मधेच, उन्हात, बोटीचा दोर सोडताना हसणारी ऋतुजा आली, तेव्हा ओवीचं काळीज असं हललं की तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

पडद्यावर दोन आकडे उमटले. पश्चात्तापांक शंभरात एक्याऐंशी. ऋतुजाची ओढ चौसष्ट.

"झालं समाधान?" शर्विल पाणी प्यायला बाहेर गेल्यावर घाटोळेंनी विचारलं. "एक्याऐंशी म्हणजे माणूस खरा आहे. आता ठेवायचा की सोडायचा ते ठरव आणि मला माझं यंत्र परत दे."

"आणि चौसष्टचं काय?"

"ते हळूहळू उतरेल."

"हळूहळू कशाला? यंत्र आहे की." तिने मनात हिशेब केला. प्रत्येक उपशाला चौथा हिस्सा. नऊ उपशांत ऋतुजा पाचच्या खाली.

"पाणी एकाच विहिरीचं आहे, ओवी. तिची ओढ उपसशील तर पश्चात्तापही उपसला जाईल."

"ओढीला झरा नाही, सर. ती त्याला आता भेटत नाही. पश्चात्तापाला आहे. मी रोज समोर असते ना त्याच्या. माझं तोंड बघितलं की पुन्हा भरेल."

"हे कशावरून?"

"सतरा वर्षं ओळखते मी त्याला."

याहून दहापट बरा पुरावा असलेले शोधनिबंध घाटोळेंनी आयुष्यभर परत पाठवले होते. पण बायकोकडे संदर्भसूची मागायची सोय नसते. दोनचा नियम बाजूला ठेवून त्यांनी पुढच्या बैठकीची तारीख लिहिली.

तिसऱ्या उपशानंतर शर्विलचं रडणं थांबलं. ओवीला ते समजूतदारपणाचं लक्षण वाटलं. चौथ्यानंतर तो आठ तास झोपू लागला. पाचव्यानंतर दाढी करताना शीळ घालू लागला. गुरुवारच्या तारखा, खोलीचा क्रमांक, ऋतुजाने दिलेला निळा शर्ट, सगळं त्याच्या लक्षात होतं. विचारलं तर तो सांगतही असे, एस.टी.च्या वेळा सांगाव्यात तसं.

ओवीचं उलट झालं. पूर्वी ती घरी आली की त्याला प्रश्न विचारायची. आता तो न विचारताच ती उत्तरं देऊ लागली.

"मी थेट घरीच आले हं. मधे कुठे थांबले नाही."

"मी कुठे काय म्हटलं?" शर्विल म्हणे आणि वर्तमानपत्रात डोकं घाली. त्याच्या त्या शांतपणाने तिला जास्तच अपराधी वाटे. एवढा चांगला माणूस, एक शब्द विचारत नाही!

सहाव्या उपशानंतरच्या गुरुवारी ती विभागाची बैठक सोडून गाडी काढून खिंडसीला गेली. ऋतुजा धक्क्यावर उभी राहून कुणाला तरी जीवरक्षक जाकीट बांधून देत होती. ओवीला तिचा राग यायला हवा होता. तिने राग शोधूनही पाहिला. त्याऐवजी इतका आनंद झाला की गाडीतून उतरायचा धीर होईना. तासभर बघून ती परत आली आणि शर्विलला म्हणाली, "बैठक लांबली रे."

संसारातलं तिचं हे पहिलं खोटं होतं, आणि तिला ते अगदी सरावाने बोलता आलं.

सातव्या उपशाच्या आधी घाटोळेंनी तिला पडद्यासमोर उभं केलं. "हे बघ. पश्चात्तापांक एकसष्ट, सेहेचाळीस, चौतीस, सव्वीस, एकोणीस, चौदा. सरळ उतरतोय. एका उपशापासून दुसऱ्यापर्यंत थेंबभर भरला नाही. तो रोज तुझं तोंड बघून राहिला, तरी. झरा नाही, ओवी. होतं तेवढंच पाणी होतं."

"मग उरलेलंही काढायला हवं."

"अगं, ऐकून राहिली का तू? नवऱ्याच्या डोक्यात आता काहीच नाही. थांब! पूर्वी तुला त्याची परीक्षा घ्यायची होती. आता काय घ्यायचंय?"

"चौदा आहे म्हणजे अजून दुखतंय त्याला, सर." ती म्हणाली. "त्याने का सोसायचं? त्याचा काय दोष?"

घाटोळे खुर्चीत बसले. ओवीत हे कुठून आलं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. ज्याने फसवलं त्याला वाटतं, समोरच्याचं दुखणं आपल्या अंगावर घ्यावं. यंत्राने पश्चात्ताप हलवला होता, तो आपली इच्छा घेऊनच हलला होता. त्यांनी पुढचे उपसे करायला नकार दिला. विभागाची प्रमुख ओवी होती. शेवटचे तीन तिने स्वतःच केले. शर्विल खुर्चीत बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

दुसऱ्या सहीचा दिवस उजाडला. न्यायालयाच्या नियमाप्रमाणे समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवलं. फाइल वाचून त्या ओवीकडे वळल्या, कारण फाइलप्रमाणे फसवली गेलेली ती होती.

"मॅडम, निर्णय तुमचा आहे. राहणार की वेगळं व्हायचं?"

"तो ठेवेल तर राहीन," ओवी म्हणाली.

बाईंनी फाइल पुन्हा वाचली. आपण नावं उलटी वाचली की काय, अशी त्यांना शंका आली. "आणि तुम्ही, शर्विलजी?"

"माझा फार आग्रह नव्हता कशाचाच," शर्विल शांतपणे म्हणाला. तो ताजातवाना दिसत होता; वजनही थोडं वाढलं होतं. "पण खरं सांगू? हिच्याबरोबर राहणं अवघड झालंय. सारखी रडते. माझ्याकडे अशी बघते की मला जेवण जात नाही. वेगळंच झालेलं बरं."

"शर्विल, एक उपाय आहे." ओवीने पर्समधून संस्थेचं संमतिपत्र काढलं. "उलटा उपसा. तू ग्राहक हो. तुझं तुझ्याकडे परत जाईल, मग तू नीट ठरव. नऊ बैठका, बस."

या वेळी शर्विलने चारही पानं वाचली. अभियंत्याने नकाशा तपासावा तशी, बोट ठेवून. "'ग्राहकाला होणारे परिणाम,'" तो मोठ्याने वाचू लागला. "'निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे, स्वतःविषयी घृणा.' आणि याच्या बदल्यात मला काय मिळणार?"

"मी मिळेन."

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. हे ओवीला दिसलं, आणि एवढं प्रामाणिक त्याचं तोंड तिने सतरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "यावर कोण शहाणा माणूस सही करेल?"

त्याने अर्जावर आपली सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. ओवीने पेन उचललं. ती कागदावर वाकली आणि एकदम हुंदका देऊन म्हणाली, "मला माफ कर, शर्विल. मी तुझ्याशी फार वाईट वागले."

समुपदेशक बाईंनी खुर्ची मागे ओढली. "मॅडम, अहो, तुम्ही काय केलंत? केलं तर यांनी!"

"ते मला माहीत आहे," ओवी म्हणाली. "त्याने काही फरक पडत नाही."

शर्विलने घड्याळात बघितलं. बारा वाजता त्याला कालव्यावर पोचायचं होतं आणि या वेळी कालव्याला खरंच पाणी होतं.

"बरं, केलं माफ," तो म्हणाला. "झालं? कर सही."

साडेचार महिन्यांच्या रडण्यात शर्विलला जे एकदाही मिळालं नव्हतं, ते ओवीला एका वाक्यात मिळालं. सहा आठवड्यांत प्रथमच तिच्या छातीवरचं ओझं हललं, श्वास पोटापर्यंत गेला. तिने डोळे पुसले, कृतज्ञतेने त्याच्याकडे बघून हसली आणि तो बोट ठेवत होता त्या जागी, सुवाच्य अक्षरात, पूर्ण नाव लिहून सही केली.