चार बोटांचं अंतर

कॉफी प्यायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. लसूण नाही, सिगारेट नाही. सकाळी नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि तसंच निघायचं. जुन्या संगमरवरावर बसलेली मेणबत्त्यांची काजळी काढायला माणसाच्या थुंकीइतकं सौम्य दुसरं काही नाही. प्रयोगशाळेत तशी द्रव्यं बनवतात, पण मूर्तीचा चेहरा आला की रोममधली आमच्या धंद्यातली प्रत्येक बाई कापसाची काडी शेवटी स्वतःच्याच तोंडात घालते.

"एवढी शिकलीस आणि थुंकायची नोकरी धरलीस," माझ्या सासूबाई, मम्मा इनेस, रोज सकाळी म्हणायच्या. आणि म्हणता म्हणता माझ्या नाकाखाली कॉफी उकळत ठेवायच्या.

मला गप्प बसावं लागे. माझा नवरा सांद्रो जहाजावर स्वयंपाकी, अर्धं वर्ष समुद्रात. पाळणाघरात जागा नव्हती. मिर्ता आठ महिन्यांची, अजून अंगावर पिणारी, आणि तिला सांभाळायला मम्मा इनेसशिवाय कोणी नव्हतं. सकाळी पाजून निघायचं, दुपारी पळत पळत परत यायचं, आणि दोन्ही वेळा टोमणा ऐकायचा.

काम होतं रोमच्या मोंती भागात, उतारावरच्या एका अंधाऱ्या चर्चमध्ये. बाळंतपणात गेलेल्या एका सरदारपत्नीची कबर, वर तिची आडवी मूर्ती, कुशीत तान्हं मूल. शिल्पकार आस्कानिओ मेर्ली.

मेर्लीवर मी कॉलेजात प्रबंध लिहिला होता. दगडाची कातडी करणारा माणूस. त्याने घडवलेल्या मांडीत बोटं रुतलेली दिसतात, केसांतून वारा जातो, आणि पोपसुद्धा त्याच्यापुढे सांगेल तशी मान वळवून बसत. पण तान्ही मुलं त्याच्यासारखी कोणालाच जमली नाहीत, कारण तो ती समोर ठेवून घडवी. दूध पाजणाऱ्या दायांकडून उसनी आणलेली, भुकेली ठेवलेली. मूल दुधाला लागलं की चेहरा सैल पडतो. त्याला त्याच्या आधीचा क्षण हवा असे. म्हणून त्याच्या एकाही मुलाला आजवर दूध मिळालेलं नाही. या कबरीवरचं मूल तर आईच्या मोकळ्या केलेल्या छातीपासून फक्त चार बोटं दूर आहे. मान ताणलेली, ओठ विलग. त्या चार बोटांवर लोकांनी पुस्तकं लिहिली आहेत.

विशीत मला हे सगळं थोर वाटलं होतं. आता कबरीभोवती बांधलेल्या लाकडी पहाडावर गुडघे टेकून त्या चेहऱ्याशी बसले की वाटे, हा माणूस समोर असता तर त्याच्या दोन थोबाडीत दिल्या असत्या.

गाल स्वच्छ झाले, हनुवटी झाली. मग मी ओठांना हात घातला, आणि मला पान्हा फुटला.

यात नवल नाही. मूल रडलं की दूध उतरतं. परक्याचं रडलं तरी उतरतं, बसमध्येही उतरतं. पण चर्चमध्ये कोणी रडत नव्हतं. मी कोटाची बटणं लावली आणि भिजलेल्या सदऱ्यानिशी काम पुरं केलं. घरी आले तर मिर्ताने छातीकडे बघून मान फिरवली.

"दगडाची चव लागत असेल," मम्मा इनेस म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही दिवशी. काडी त्या ओठांना लागायचा अवकाश, मी भिजून जाई. आणि दुपारी मिर्ता तोंड मिटून घेई. बाटली नको, रव्याची पेज नको, भाजीचं पाणी नको. रडतही नव्हती. शांतपणे माझ्याकडे बघायची. जेवण झालेला पाहुणा आग्रह करणाऱ्याकडे बघतो, तशी.

इकडे दगडाचं तोंड काही स्वच्छ होईना. आत बोटाच्या पेराएवढी खोली होती. तिथवर छिन्नी कशी पोचली असेल, मेर्ली जाणे. तिथून निघालेल्या काडीवर काजळी नसायचीच. ती ओली असायची, आणि तिला आंबूस वास यायचा.

"दोनाता, एका चेहऱ्यावर किती दिवस?" माझी वरिष्ठ क्लेलिया खालून ओरडायची. "स्वतःला पोर झालं म्हणून आता सगळ्या रोमच्या पोरांना न्हाऊमाखू घालणार आहेस का?"

एकदा ती गेल्यावर मी मुलाचे ओठ आणि आईची छाती यांच्यामधल्या जागेत बोटं घालून पाहिली. चार बसली. मग पाचवंही बसलं. मी स्वतःला सांगितलं, हल्ली माझी बोटं वाळली आहेत. ते खरंही होतं. अंगठी घसरत होती म्हणून मी ती काढून ठेवली होती.

मिर्ताला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला काट्यावर ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वाढलंय की वजन. चांगलं वाढलंय."

"डॉक्टर, ती काहीच खात नाही."

"मग काय हवेवर फुगली? सिन्योरा, मूल उत्तम आहे. तुम्ही जेवा आणि झोपा."

याचा एकच अर्थ होता. घरी येऊन मी मम्मा इनेसना स्पष्ट विचारलं, माझ्या माघारी तिला काय पाजता?

त्या भाजी चिरत होत्या. सुरी ठेवली.

"पाजते? घास तोंडाशी नेला की थुंकते ती माझ्या अंगावर. मला वाटलं, तूच सकाळी तिला तुडुंब पाजून जातेस."

"मी पाजत नाही. ती घेतच नाही."

मिर्ता जमिनीवर बसून चमचा आपटत होती.

"त्या दगडी पोराचं तोंड कशाने पुसतेस तू?" त्यांनी विचारलं.

"माहीत आहे तुम्हाला. रोज त्यावरूनच तर बोलता."

"थुंकीने. तोंड. ओठ." त्यांनी डोळे मिटले. "अगं, कोणाला तरी विचारायचंस. माझी आजी चोचारियाच्या डोंगरातून रोमला आली ती दाई म्हणून. श्रीमंतांची पोरं पाजायला. आमच्याकडे दाई मूल पत्करायची ते असंच. अंगठा ओला करायचा, पोराचं तोंड पुसायचं. झालं. मग दूध तुटेपर्यंत ते तिचं. परत करायची सोय नाही."

"आणि तिचं स्वतःचं?"

"ते जायचं दुसरीकडे. जिला दूध आहे आणि मूल नाही, अशा बाईकडे. कोणी ना कोणी असतेच."

"मम्मा इनेस, तो दगड आहे."

"मग तू रोज भिजून का येतेस?"

मला संताप आला. डॉक्टर सांगतो जेवा, क्लेलिया सांगते आटप, आणि ही बाई मला आजीच्या गोष्टी सांगते. शेवटी चिडूनच विचारलं, "बरं, मग तोडायचं कसं?"

"सगळ्या तोडतात तसंच. ज्या छातीवर पोर पितं तिला कडू लावायचं." त्यांनी गच्चीतल्या कुंडीतली कोरफड कापली, तिचा पिवळा रस बाटलीत गाळला आणि बाटली माझ्या कोटाच्या खिशात टाकली. "उद्या मिर्ताला घेऊनच जा. मला आता तिला एकटीला घेऊन बसायची भीती वाटते."

सकाळी मिर्ताला छातीशी बांधून गेले. क्लेलिया आधीच पहाडावर होती, कमरेवर हात ठेवून.

"बाईला हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना आपलं? आधी मूल, मग तपासणी, मग बाई."

"मी लावलेला नाही."

"हो का? मग हे काय?"

तिने दिवा वळवला. सरदारपत्नी नखशिखान्त काजळीने काळी होती. फक्त डाव्या स्तनावर, टोकाभोवती, एक पांढराशुभ्र गोल होता.

"काम सुरेख आहे, ते मी नाकारत नाही," क्लेलिया म्हणाली. "कड बघ, कशी विरत गेलीये. काडीने अशी येत नाही. काय वापरलंस? आणि ओलं का आहे अजून?"

मिर्ता कुरकुरायला लागली होती. घशातल्या घशात, अधीर, लांबणारा आवाज. तो मला ओळखीचा होता. बऱ्याच दिवसांत मी तो ऐकला नव्हता.

ती माझ्या छातीला चिकटून होती. पण मान मागे वळवून त्या पांढऱ्या गोलाकडे ताणली होती.

क्लेलियाचा फोन वाजला. वैतागून ती शिडी उतरली.

मी खिशातून बाटली काढली. बूच उघडलं. कडू वास आला.

लावलं असतं तर मिर्ताने ती दगडी छाती सोडली असती. पण मग माझ्याकडे आली असती का, हे मम्मा इनेसनी सांगितलं नव्हतं. माझं दूध तिचं राहिलं नव्हतं. आताही ते सदऱ्यातून झिरपत होतं, आणि ते मिर्तासाठी नव्हतं.

मी तिचं मनगट पाहिलं. गुबगुबीत. वळी पडलेली.

मी बूच लावलं.

क्लेलिया परत आली तेव्हा मी तिला सांगितलं, इथला दगड भुसभुशीत आहे, या बाईला कोणी हात न लावलेलाच बरा. ती माझ्यावर पुष्कळ बडबडली, पण शेवटी ऐकलं. पहाड उतरवला गेला. बाई काळी ती काळीच राहिली.

"लावलंस ना?" मम्मा इनेसनी विचारलं.

"लावलं," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. सांद्रो सुट्टीवर आला, मिर्ताला उचलून म्हणाला, "दोनाता, काय घालतेस हिला? दगडासारखी जड झालीये." मम्मा इनेस उठून आत गेल्या.

माझं तिथलं काम संपलं आहे. तरी रोज सकाळी मी उतार उतरून जाते आणि पुढच्या बाकावर बसते. कोट भिजला की उठते.

त्याआधी मिर्ताला उठवते. ती तृप्त असते, ओठांच्या कोपऱ्यात पांढरी रेघ वाळलेली असते. मी ती पुसत नाही. पाळण्यावर वाकून तिचे गाल तेवढे चाचपते. एक ऊबदार असतो. दुसरा, पिताना आईच्या अंगाला टेकतो तो, गार असतो.