डिले बंद करायचा राहिला

दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात एका निळ्या कुर्त्याची एक बाही मृणालच्या हातात होती, दुसरी एका अनोळखी तरुणाच्या. दुकानदाराशी हिंदीत भांडता भांडता मृणाल मराठीत पुटपुटली, "मेला, ऐकतच नाही!"

त्या तरुणाने हसून बाही सोडली. "बहिणीसाठी घेत होतो, पण राहू द्या. आवाज काय आहे यार तुमचा! गाता का?"

अगं बाई, हा तर मराठी निघाला!

तो अनुराग. मग दर रविवारी मृणाल लक्ष्मीबाई नगरहून त्याच्या द्वारकेच्या फ्लॅटवर गाणी रेकॉर्ड करायला जाऊ लागली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर रजया टांगलेल्या, पण विमानतळ जवळ, त्यामुळे डोक्यावर सतत विमानं. विमान आलं की अनुराग हात वर करायचा, गाणं थांबायचं आणि दोघं एकमेकांकडे बघत बसायची... त्या थांबण्यानेच सगळा घोळ केला.

आणि आता हा शहाणा पुण्याला निघाला होता! नव्या नोकरीचं उत्तर उद्या द्यायचं होतं. मृणालचा जीव कासावीस झाला होता. पण अडवायचं तरी कुठल्या नात्याने?

"आज डिले लावतो," अनुराग म्हणाला. "तू गायलेला शब्द मागून परत परत येईल. वर थोडं मॉड्युलेशन... म्हणजे परतताना जरा हेलकावेल. झोपाळ्यासारखा."

दोघांनी हेडफोन चढवले. ती गायली, छान गायली. गाणं संपलं, तो पाठमोरा होऊन कॉम्प्युटरकडे वळला, आणि सवयीप्रमाणे ती पुटपुटली, "जाऊ नकोस ना रे..."

माइक चालूच होता.

"नकोस ना रे... ना रे... ना रे..." तिच्याच कानात तिचा आवाज हेलकावत परत येऊ लागला. अनुरागची पाठ ताठ झाली. त्याच्याही कानांवर हेडफोन होतेच की!

"बंद कर ना ते!" ती लाजेने लाल झाली.

"कर ना ते... ना ते..."

तो उठून माइकजवळ आला. अगदी जवळ. तोंड उघडणार, तेवढ्यात विमान! त्याने हात वर केला. मृणालने श्वास रोखून धरला. मेलं ते विमान जाता जाईना.

शेवटी गेलं.

"नाही जात," तो हळूच म्हणाला.

"नाही जात... नाही जात..."

"खरंच?"

"बिल्कुल. तू कधी अडवतेस, याचीच वाट बघत होतो, वेडे."

मृणालच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने सोडलेला सुस्काराही हेलकावत परत आला.

"हा टेक मी ठेवणार," अनुराग म्हणाला.

"अजिबात नाही!" म्हणत तिने त्याचा हात धरला, आणि नंतर विमान आलं तरी सोडला नाही.